मोहल्ला काय म्हणतो

‘जगप्रसिद्ध’ हा शब्द दिसला की सर त्यावर इतक्या जोरात फुली मारायचे की कागद फाटायचा. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारायचे, “कोणत्या जगात गं?” आता तो मजकूर काही मी लिहिलेला नसायचा, गिऱ्हाइकानं पाठवलेला असायचा. पण माझं टेबल त्यांच्या समोर. त्यामुळे पहिला मार मला.

मी लग्न होऊन पुण्याहून नोएडाला आले ते शतक बदलायच्या जरासं आधी. सेक्टरांना नंबर होते, घरांना नंबर होते, आणि जिथे घरं नव्हती तिथेही नंबर होते. आमचं ऑफिस नळ आणि टाइल्सच्या शोरूमच्या डोक्यावर. बारा माणसं, आठ कॉम्प्युटर आणि इंटरनेटची एकच फोनलाइन. कुणी घरी फोन लावला की सगळ्यांचं नेट तुटायचं आणि सगळे एका सुरात ओरडायचे. धंदा काय, तर लोकांना वेबसाइट बनवून द्यायची आणि मग ती सर्च इंजिनमध्ये वर आणून द्यायची. यातलं दुसरं काम म्हणजे नेमकं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि गिऱ्हाईक त्यालाच जास्त. मालक गाझियाबादचे पंजाबी. मनानं चांगले, पण सदा घोड्यावर बसलेले. “रैंक चाहिए जी, रैंक!” एवढं एकच वाक्य घेऊन ते दिवसातून चार वेळा केबिनबाहेर यायचे.

सरांना त्यांनी कुठून शोधून आणलं होतं देव जाणे. एका सरकारी खात्याच्या ग्रंथालयात सरांनी बावीस वर्षं पुस्तकांची कार्डं बनवली होती. एवढी पक्की नोकरी का सोडली, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “पुस्तकं यायची बंद झाली. नुसती धूळ येत होती.” ऑफिसातले सगळे त्यांना ‘लायब्रेरियन साहब’ म्हणायचे, मी एकटी ‘सर’. जन्म दिल्लीचा, वडील तारखात्यात होते, शाळा पहाडगंजची मराठी शाळा. मराठी चांगलं बोलायचे, पण मधेच ‘बिल्कुल नाही’ आणि ‘अच्छा, मग?’ यायचं. किल्लीला चाबी म्हणायचे आणि मी हसले की चिडायचे. “तुम्ही पुण्याचे लोक चाबीला किल्ली म्हणून कुलूप लवकर उघडता काय?”

तऱ्हा म्हणाल तर विचारू नका. ऑक्टोबरची एक तारीख उजाडली की बिनबाह्यांचा मातकट स्वेटर अंगात चढायचा आणि होळीलाच उतरायचा, मग बाहेर घाम का येईना. टाइप एका बोटानं. प्रत्येक साइटचं प्रत्येक पान ते पुटपुटत वाचायचे, अगदी फोन नंबरसकट. “जे वाचताना दम लागतो ते कुणी वाचत नाही,” असं त्यांचं म्हणणं. आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, तेच वीस प्रश्न चार सर्च इंजिनांना विचारायचे आणि आमच्या गिऱ्हाइकांची साइट कितवी आली ते आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं टिंब देऊन मांडायचे. ते कागद एकाला एक चिकटवून भिंतभर पसरले होते. मालक नव्या गिऱ्हाइकाला आधी त्या भिंतीपुढे उभं करायचे. गिऱ्हाईक गारच व्हायचं.

चारही इंजिनांना सरांनी नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला ती शिकवली आणि खरं सांगते, पुढच्या सगळ्या वर्षांत मी जे काही शिकले ते त्या एका तासाच्या बाहेरचं फारसं नाही.

पहिली मास्तरीणबाई. हे मुळी इंजिन नव्हतंच, यादी होती. तुमच्या साइटचा अर्ज करायचा, मग तिथली खरीखुरी माणसं ती बघणार, पसंत पडली तर योग्य त्या कप्प्यात नाव घालणार. दोन-दोन महिने उत्तर नाही. आणि कप्प्यातली यादी अक्षरांप्रमाणे. त्यामुळे सगळ्या धंद्यांना एकदम ‘ए’नं सुरू होणारी नावं सुचायला लागली होती. “हिच्याकडे एकच उपाय,” सर म्हणाले. “वीस शब्दांत, एकही विशेषण न घालता, आपण काय करतो ते लिही. दिवसभर बढाया वाचून बिचारीचं डोकं उठलेलं असतं. साधं वाक्य दिसलं की तिला बरं वाटतं.”

दुसरा कारकून. अर्जात लिहिलंय ते खरं मानणारा. पानात ‘कंबल’ शब्द किती वेळा आला, वर आला की खाली, मथळ्यात आहे का, एवढं मोजणार आणि त्यावरून नंबर लावणार. म्हणून लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात चारशे वेळा ‘कंबल’ लिहून ठेवायचे. माणसाला दिसायचं नाही, कारकुनाला दिसायचं. “कारकुनाला उल्लू बनवणं सोपं आहे,” सर म्हणाले, “म्हणूनच त्याची नोकरी फार दिवस टिकायची नाही.”

तिसरा दलाल. तो जागाच विकायचा. जो जास्त देईल तो वर. “याच्याकडून शिकण्यासारखं काही नाही. पण निदान सांगून विकतो.”

आणि चौथा तेव्हा नवाच होता. सर त्याला मोहल्ला म्हणायचे. नाव घेताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा. “हा तुझ्याबद्दल तुला विचारतच नाही. मोहल्ल्याला विचारतो. किती साइट तुझ्याकडे बोट दाखवतात, आणि बोट दाखवणाऱ्यांकडे कोण बोट दाखवतं. मुलीसाठी स्थळ आलं तर तुझे बाबा काय करतील? मुलानं लिहून दिलेला कागद वाचतील, तो वाचतो कारकून. मग गल्लीत जाऊन चौकशी करतील. पानवाला म्हणाला ‘लडका अच्छा है,’ ठीक. शाळेचे हेडमास्तर म्हणाले ‘मुलगा चांगला आहे,’ तर वजन जास्त. कारण हेडमास्तरांना मोहल्ला मानतो. तर हा तसा आहे. याला फसवायचं तर अख्खा मोहल्ला फसवावा लागेल.”

“मग याच्यासाठी आपण काय करायचं सर?”

“लोकांनी आपण होऊन नाव काढावं असं काहीतरी कर,” सर म्हणाले. “त्याला वेळ लागतो.” वेळ हा शब्द मालकांना आवडत नसे, म्हणून तो ते केबिनचं दार बंद आहे बघूनच बोलायचे.

आमच्या गिऱ्हाइकांत पानिपतच्या एक भाभीजी होत्या. हातमागावर सुती दऱ्या, म्हणजे आपल्या सतरंज्या, विणून घ्यायच्या. नवरा आजारी पडल्यापासून बारा माग त्यांनी एकटीनं चालवले होते. आधी दिल्लीच्या एका निर्यातवाल्याला माल द्यायच्या आणि तो देईल तो भाव घ्यायच्या. मग कुणीतरी वेबसाइटचं डोक्यात घातलं आणि त्या आमच्याकडे आल्या. साइट झाली, पण परदेशातून एक मेल येईना. मजकुरात ‘दरी’, ‘हँडलूम’, ‘फर्निशिंग’ सगळं व्यवस्थित होतं. मालक म्हणाले, दोनशे वेळा लिहा. सर म्हणाले, “एक मिनट. ज्याला विकायचंय तो हिला काय म्हणतो?”

हे आम्हाला कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सर एक अख्खी दरी काखोटीला मारून पहाडगंजला गेले, मला घेऊन. तिथे स्वस्त हॉटेलांत गोरे प्रवासी ढिगानं उतरतात. सर भर बाजारात उभे राहिले, दरी उलगडली आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसाला अडवून इंग्रजीत विचारायला लागले, “मॅडम, व्हॉट इज धिस?” बाई गं! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. निम्मे लोक हात हलवत पळाले, त्यांना वाटलं गळ्यात मारतोय. एक बाई किंमतच विचारायला लागली. “नॉट फॉर सेल. ओन्ली टेल मी, व्हॉट इज इट?” शेवटी शेजारचा दुकानदार बाहेर आला, “ओ चाचा, धंधा खराब मत करो, आगे जाओ!” सर शांतपणे म्हणाले, “मी धंदा करतच नाहीये,” तेही मराठीत. अडीच तासांत एकेचाळीस माणसं झाली. ‘दरी’ एकानंही म्हटलं नाही. बहुतेक जण ‘रग’ म्हणाले, काही ‘कॉटन रग’, दोघं-तिघं ‘मॅट’. एक म्हातारा पायाजवळ बसून उलटसुलट करून बघत म्हणाला, दोन्ही बाजू सारख्या आहेत की, ही धुवायची कशी?

घरी जाताना सर बसमध्ये एकटेच हसत होते. “ऐकलंस? धुवायची कशी! हे कुठेच लिहिलेलं नाही.”

मग त्यांनी भाभीजींना फोन लावून तासभर विचारलं आणि साइटवर एक साधं पान घातलं. दरी घरी कशी धुवावी, कुठे वाळवावी, हाताची वीण आणि मशीनची वीण ओळखायची कशी. विक्रीचा शब्द नाही. मालक चिडले, “ये क्या धोबीघाट खोल दिया!” पण चार-पाच महिन्यांत परदेशातल्या घरसजावटीच्या साइट त्या पानाकडे बोट दाखवायला लागल्या. न सांगता, न मागता. मोहल्ल्यात भाभीजी पाचव्या नंबरवर आल्या. मेल सुरू झाले. महिन्याला सात, दहा, पंधरा. भाभीजींनी निर्यातवाल्याला सांगितलं, यापुढे माल मिळणार नाही, मी माझा विकीन. त्यानं म्हणे फोनवर शिव्या घातल्या. त्या आम्हाला सांगताना हसत होत्या.

आता माझा पराक्रम सांगते. सांगायलाच बसलेय तर लपवायचं कशाला.

सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते महिनाभर घरी होते. परदेशी सणांच्या खरेदीचा मोसम तोंडावर. मालक माझ्या टेबलापाशी आले. “पाँचवां तो ठीक है, पहला कब?” तेव्हा माझी परिस्थिती सांगते. माझ्या नवऱ्याची इंटरनेट कंपनी दोन महिन्यांपूर्वी बंद पडली होती, तेव्हा धडाधड पडतच होत्या, आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. पहिला नंबर आणून दाखवला तर नोकरी पक्की, असं मालक उघड बोलले नाहीत, पण मी ते ऐकलं. आणि खरं सांगू? हुशारी दाखवायची खाजही होतीच.

मोहल्ला फसवायचा तर अख्खा मोहल्ला हवा, असं सर म्हणाले होते. आमच्या हातात तीस गिऱ्हाइकांच्या साइट होत्या की! मी प्रत्येक साइटच्या तळाशी, बारीक अक्षरात, बाकीच्या एकोणतीस साइटचे दुवे टाकले. फरिदाबादचा बँडवाला, गाझियाबादचा कानाच्या मशीनवाला, रोहिणीचा कोचिंग क्लास, कुणी पंपवाला, सगळे पानिपतच्या दऱ्यांची शिफारस करायला लागले, आणि दऱ्या त्यांची. दोन दिवसांचं काम. तो चौथा, म्हणजे मोहल्ला, महिन्यातून एकदा सगळे नंबर नव्यानं लावायचा. त्या महिन्याचे लागले आणि भाभीजी पहिल्या! मालकांनी बर्फी वाटली. मी भिंतीवरच्या कागदावर स्वतःच्या हातानं सगळ्यात वर टिंब दिलं.

सर काळा चष्मा लावून परत आले, भिंतीपुढे उभे राहिले. “कसा आला पहिला?”

मी सगळं सांगितलं, ऐटीत. सर खुर्ची ओढून बसले. बँडवाल्याची साइट उघडली, तळाशी गेले आणि सगळी एकोणतीस नावं नेहमीसारखी पुटपुटत वाचली. मग म्हणाले, “स्थळाची चौकशी करायला गेलो, आणि सगळे शेजारी मुलाचे सख्खे मामा निघाले. कळल्यावर मुलीचा बाप काय करेल?”

“कळेल कसं, सर? मशीन आहे ते.”

“मला चष्म्यातून कळलं. त्याला नाही कळणार? आजच्या आज काढ.”

मी म्हटलं, मोसम संपला की काढते. मालकही म्हणाले, “रहने दीजिए ना, चल रहा है.” सर पाच दिवस रोज सकाळी एकच विचारत होते, “काढलंस?” सहाव्या दिवसापासून विचारायचं सोडलं. पुढच्या महिन्याचे नंबर लागले त्या सकाळी त्यांनी वीसच्या वीस प्रश्न विचारले आणि पेन्सिल खाली ठेवली. भाभीजींची साइट खाली गेली नव्हती. ती नव्हतीच. कंपनीचं पूर्ण नाव टाकलं तरी येईना. बँडवाला नाही, कानवाला नाही. तिसांतल्या सव्वीस साइट एका झटक्यात नाहीशा झाल्या. अति तेथे माती म्हणतात, ती मीच कालवली होती.

आठवडाभरात भाभीजींचा फोन. “बेटा, मेल आने बंद हो गए। कंप्यूटर में कुछ ख़राबी है क्या?” मी म्हटलं, सर्वरचा प्रॉब्लेम आहे भाभीजी, होऊन जाईल. फोन ठेवला. सर समोरच बसले होते. त्यांनी डब्याची पिशवी उचलली. “चल. पानिपतला जाऊ.”

नवऱ्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, “जपून गं. आपला तिथला रेकॉर्ड बरा नाही.” एरवी मी हसले असते. बसमध्ये दोन तास सर खिडकीबाहेर बघत होते, आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. सर बोलतील, आपण मान खाली घालून उभं राहायचं, असा माझा हिशोब.

भाभीजींनी आम्हाला बाजेवर बसवलं, चहा आणला. मागे शेडमध्ये बारा मागांपैकी पाचच चालू होते. बाकीचे विणकर भिंतीला टेकून बसले होते. सर चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बोल.”

मी सुरुवात केली, “भाभीजी, हमसे एक गलती…” सर खाकरले. मी थांबले. “मुझसे,” मी म्हणाले. “मुझसे गलती हुई। सर्वर ठीक है। मैंने आपको पहले नंबर पर लाने के लिए चालाकी की, और उन्होंने आपको निकाल दिया।” मग सगळं सांगितलं. बँडवाल्यासकट. शेवटी रडायलाच लागले.

भाभीजी ऐकत होत्या. रागावल्या नाहीत, समजूतही काढली नाही. मागांकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, “कितने दिन?”

सर म्हणाले, “माहीत नाही. सगळं काढून टाकू, पत्र लिहू, माफी मागू. महिना, दोन महिने. कदाचित नाहीही घेणार परत.” हे त्यांनी हिंदीत सांगितलं, पण गोड करून नाही.

“और तब तक मैं उसी के पास जाऊँ? एक्सपोर्टवाले के पास?”

सरांनी त्यांच्याकडून जुन्या गिऱ्हाइकांचे सगळे मेल मागून घेतले. तेवीस होते. तिथेच बसून प्रत्येकाला काय लिहायचं ते कागदावर उतरवून दिलं, नवीन माल आलाय, हवा असेल तर थेट कळवा. तेवढ्यावर दोन महिने पाच माग चालले. बाकी सात जणांची घरं कशी चालली असतील, याचा विचार मी तेव्हा करू धजले नाही. आता करते.

परतल्यावर मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. सर्च इंजिनवाल्यांना लिहायचं पत्र सर तयार करणार होते. काय केलं, ते काढलं का, जबाबदार कोण, पुन्हा होणार नाही याची हमी काय, असं सगळं त्यात हवं होतं. मालक म्हणाले, “लिख दीजिए, जिस कर्मचारी ने किया, उसे निकाल दिया।”

सरांनी विचारलं, “किसको निकाला?”

मालक आमच्या दोघांकडे बघत राहिले. “अब किसी को तो निकालना पड़ेगा जी. आपके होते हुए झूठ तो लिख नहीं सकते.” मग काही ठाऊक नसल्यासारखं विचारलं, “किया किसने था?”

पानिपतला मी बोलले होते. तिथे बोलणं जमलं, कारण माझा पगार तिथून येत नव्हता. केबिनमध्ये माझ्या डोळ्यांपुढे घरमालक आला, नवऱ्याचे रोज पोस्टात पडणारे अर्ज आले, आणि मी टाइल्सच्या रेघा बघत उभी राहिले.  मग सर म्हणाले, “मैं लिखता हूँ।”

पत्र मी दुसऱ्या दिवशी वाचलं. विशेषण एकही नव्हतं. तीस साइटची यादी होती, काय केलं ते जसंच्या तसं होतं. आणि शेवटी दोन वाक्यं. ही पद्धत ज्याच्या शिकवण्यातून निघाली तो मी. मी ही नोकरी सोडली आहे.

खोटं त्यात काहीच नव्हतं. तेच तर. मोहल्ला फसवायचा तर काय करावं लागेल, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी पेन्सिली, डबा आणि स्वेटर पिशवीत भरला. मला म्हणाले, “कोपऱ्यातलं मशीन तापतं, त्याला पंखा लावत जा.” मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. रिक्षा चटकन मिळाली नाही, दहा मिनिटं आम्ही उभे होतो. त्या दहा मिनिटांत मी त्यांना डोळे कसे आहेत विचारलं.

उत्तर आलं ते दोन महिन्यांनी. दोन ओळींचं. साइट तपासली, परत घेतली आहे. सकाळी मी स्वतः शोधून बघितलं, भाभीजी तिसऱ्या पानावर होत्या. खाली का होईना, होत्या. त्यांना फोन केला तर त्या म्हणाल्या, आजच एक मेल आलाय, बारा दऱ्या हव्यात. मागून मागांचा आवाज येत होता. मालकांनी पुन्हा बर्फी मागवली. माझ्या हातात तुकडा होता आणि तो तोंडात जाईना. मी तशीच केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि म्हणाले, “वो मैंने किया था। सर ने नहीं।”

मालकांनी मान वर केली नाही. “पता है.”

“किसने बताया?”

“बताना किसने था? पहला नंबर मैंने ही तुमसे माँगा था, सर तो घर पर थे।” त्यांनी पेन ठेवलं. “जाते समय बोल के गए थे, आठ दिन में खुद आएगी, खुद बताएगी. तब उसे कुछ मत कहना, काम पर रखना.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “मैं भी देखता रहा. तुमने तो दो महीने लगा दिए.”

बाहेर येऊन मी ऑफिसच्या त्या एकुलत्या फोनवरून सरांच्या घरी फोन लावला. सगळ्यांचं नेट तुटलं, सगळे ओरडले. सरांनीच उचलला.

“सर, मालकांना सांगितलं मी.”

“अच्छा. कधी?”

“आज.”

 

“माझा अंदाज चुकला मग,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. एखादं पुस्तक चुकीच्या फळीवर लावलं गेलं असेल तर माणूस जसं म्हणेल, तसं म्हणाले. मी वाट बघत होते की ते रागावतील, निदान काही विचारतील. ते म्हणाले, “ठीक. सांगितलंस ना? आता कामाला लाग.” आणि फोन ठेवला.

त्यांनी मला आठ दिवसांची माणूस धरलं होतं. मी साठ दिवसांची निघाले. पुढे मी कितीतरी लोकांना पहिल्या नंबरवर नेलं, सरळ मार्गानं नेलं, माझं नावही झालं. पण एका माणसानं मला जिथे ठेवलं होतं तिथे मी नव्हते, हे त्याला माझ्याच तोंडून कळलं, याची लाज अजून गेलेली नाही.